ममलूक काळातली घराणी अभ्यासताय? या चुका टाळा

इजिप्त आणि सीरियावर 1250 ते 1517 या काळात ममलूक सुलतानांचं राज्य होतं. ममलूक म्हणजे विकत घेऊन लष्करासाठी तयार केलेले गुलाम सैनिक. तेव्हाचे अरबी चरित्रकोश हजारो माणसांची कुळकथा सांगतात. ते वाचताना आपण नकळत आपल्याकडचं वतन आणि जात त्या माणसांना चिकटवतो, आणि मग सगळंच चुकतं.

नावातलं गाव म्हणजे जन्मगाव, असं धरू नका. हदीसचे (पैगंबरांच्या वचनांचे) थोर विद्वान इब्न हजर अल-अस्कलानी (1372–1449) कैरोचे. अस्कलान शहर तर सलाहुद्दीनने 1191 मध्येच पाडून टाकलं होतं. सातारकर पुण्यात जन्मतो, तसंच हे.

सगळ्यात घातक चूक ममलूकांच्या बाबतीत होते. सुलतान कायतबाय (राज्यकाळ 1468–1496) याचं नाव कायतबाय अल-महमूदी अल-झाहिरी असं लिहितात. यात बाप-आजा शोधू नका. महमूद हा त्याला विकायला आणणारा व्यापारी. झाहिरी आलं ते त्याला गुलामीतून मुक्त करणाऱ्या सुलतान अल-झाहिर जकमककडून. त्या समाजात ही ओळख मिरवण्याजोगी होती, कारण एकाच मालकाकडे वाढलेले ममलूक एकमेकांना भावासारखे धरून असत आणि राजकारणातले गट त्यातूनच उभे राहत. ममलूकाच्या बापाचं नाव ‘अब्दुल्लाह’ दिसलं, तर तेही जपून घ्या. खरं नाव माहीत नसलं की बहुधा तेच लिहीत.

या ममलूकांची मुलं स्वतंत्र जन्मायची, तरी लष्करातली वरची पदं त्यांच्या वाट्याला सहसा येत नसत. अनेक जण विद्येकडे वळले. इतिहासकार इब्न तघ्रीबिर्दी हा अशाच एका बड्या अमीराचा (लष्करी सरदाराचा) मुलगा. मात्र याचाही सरसकट नियम करू नका. ममलूक सुलतान कलावून आणि त्याच्या वंशजांनी, अधूनमधून खंड पडला तरी, 1279 ते 1382 गादी राखली.

काझीपद वंशपरंपरागत होतं असं समजणंही चूक. कैरोतल्या बुल्कीनी घराण्यात सिराजुद्दीन मोठे विद्वान, त्यांचे मुलगे जलालुद्दीन आणि अलमुद्दीन दोघेही शाफिई (इस्लामी कायद्याच्या एका पंथाचे) मुख्य काझी झाले. हे पाहून पद घराण्याचंच वाटतं. पण नेमणूक आणि बडतर्फी सुलतानाच्या हातात होती. अलमुद्दीन आणि इब्न हजर यांच्यात हे पद कितीतरी वेळा इकडून तिकडे गेलं. घराण्याच्या नावाने दार उघडत असे, खुर्ची टिकेलच याची हमी नव्हती.

पैगंबरांच्या वंशजांचा मान वेगळा. त्यांनी पागोट्यावर हिरवी खूण लावावी, असा हुकूम सुलतान शाबानने 1371-72 च्या सुमारास काढला. पण हिरवी खूण दिसली म्हणून माणूस श्रीमंत किंवा सत्ताधारी ठरवू नका.

आणि फक्त बापाकडची साखळी काढून थांबू नका, ही माझी कळकळीची विनंती. इब्न हजर लहानपणीच पोरके झाले. त्यांना वाढवलं कारिमी (मसाल्याचा मोठा व्यापार करणाऱ्या) व्यापाऱ्यांपैकी एका धनिक पालकाने, आणि थोरल्या बहिणीने आईची माया दिली. पत्नी उन्स खातून लष्करी खात्याच्या बड्या अधिकाऱ्याची मुलगी, आणि स्वतः हदीस शिकवणारी. ही नाती काढून टाकली, तर त्यांची प्रतिष्ठा कुठून आली ते कळणारच नाही. त्यांचे शिष्य सखावी यांनी आपल्या चरित्रकोशाचा शेवटचा खंड फक्त स्त्रियांसाठी ठेवला आहे. वंशावळ अडली, तर आधी तो चाळा.