अॅल्युमिनियमच्या किरणोत्सारी कचऱ्यासाठी सिमेंट पारखताना

अॅल्युमिनियमवरचा संरक्षक थर साधारण ४ ते ८.५ सामूतच (pH) टिकतो. पोर्टलँड म्हणजे नेहमीच्या बांधकामाच्या सिमेंटमधल्या पाण्याचा सामू १२.५ च्या वर असतो. तिथे थर विरघळतो, हायड्रोजन सुटतो आणि घट्ट होणाऱ्या मिश्रणात पोकळ्या पडतात. म्हणून कमी सामूचे मॅग्नेशियम पोटॅशियम फॉस्फेट सिमेंट तपासावे.

मिश्रधातूची पट्टी ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, अॅसिटोनने पुसा, वजन करा. ताज्या मिश्रणात बुडवून भांडे हवाबंद करा, नळी ब्युरेटला (वायू मोजायच्या खुणांच्या काचनळीला) जोडा. १ ग्रॅम अॅल्युमिनियम पूर्ण गंजल्यास २५ अंश सेल्सियसला सुमारे १.३६ लिटर हायड्रोजन निघतो. त्यावरून झीज काढा. तापमान नोंदवाच, नाहीतर आकडे फसवे. सुरुवातीला मिश्रण आम्लधर्मी असल्याने थोडा वायू येतो. महत्त्वाचे ते पुढे थांबणे. या सिमेंटमधले मॅग्नेशियम ऑक्साइड जास्त पडल्यास सामू वर सरकतो. पोर्टलँडचा नमुना तुलनेला शेजारी हवाच.