स्वतःचं रेंडरिंग इंजिन लिहायचंय? आधी पडद्यावर एक रंगीत चौकोन आणा

ब्राउझर इंजिन (पानाचा कोड वाचून ते पडद्यावर काढणारा भाग) शून्यापासून लिहायला घेणारे बरेच जण एचटीएमएल पार्सरपासून (कोड वाचून त्याची रचना ओळखणाऱ्या भागापासून) सुरू करतात आणि तिथेच बसतात, कारण स्टँडर्ड उघडलं की नुसत्या टोकनायझरच्याच (कोडचे टॅग, मजकूर असे तुकडे पाडणाऱ्या भागाच्याच) 80 च्या आसपास स्टेट्स समोर येतात, आणि त्या झाल्या की तुटकाफुटका एचटीएमएल कसा सांभाळायचा त्याचे नियम सुरू. तसं करू नका. फाईल वाचली, डॉम (एलिमेंटचं झाड, बाहेरचा तो पालक, आतला तो मूल) बनला, स्टाइल लागली, लेआउट झाला (काय कुठे बसणार ते ठरलं), पिक्सेल उमटले, हा सगळा रस्ता आधी अर्धाकच्चा का होईना पण एकदा पूर्ण करा आणि मग एकेक टप्पा सुधारत बसा.

आणि अख्खी वेब चालवायची हे ध्येय ठेवू नका. ऑपेराने 2013 मध्ये स्वतःचं प्रेस्टो इंजिन सोडलं, मायक्रोसॉफ्टनेही 2018 च्या डिसेंबरमध्ये आपला एज ब्राउझर क्रोमियमवर (क्रोमचा मूळ मुक्त कोड) नेणार असं जाहीर केलं, एवढ्या मोठ्या टीम्सना जे परवडलं नाही ते एकट्याने कशाला अंगावर घ्यायचं? मजकूर, हेडिंग, लिंक, चार डिव (पानावरचे साधे डबे) असलेलं पान नीट दिसलं तरी भरपूर शिकून होतं.

भाषा कुठलीही चालेल. पायथनमध्ये पटकन होतं, सी प्लस प्लसमध्ये नेहमीचंच. रस्ट घेतलंत तर मुलाकडून पालकाकडे जाणारे पॉइंटर डोकं खातात, म्हणून सगळे नोड एका व्हेक्टरमध्ये ठेवा आणि एकमेकांना इंडेक्सने ओळखू द्या, सुटलात.

पहिल्या पार्सरला टॅग उघडणं, बंद होणं, अॅट्रिब्यूट आणि मजकूर एवढंच कळू द्या. उघडलेले एलिमेंट एका स्टॅकवर, बंद झाला की पॉप. फक्त बीआर, आयएमजी, इनपुट, मेटा वगैरेंना क्लोजिंग टॅग नसतो, ते स्टॅकवर ठेवलेत तर पुढचं अख्खं पान त्यांच्या पोटात जाईल. पी (परिच्छेदाचा टॅग) उघडा असताना दुसरा पी किंवा डिव आला तर पहिला आपोआप बंद होतो, हाही नियम लवकर घाला, खऱ्या पानांवर सारखा लागतो.

सीएसएसमध्ये सिलेक्टर (नियम कोणत्या एलिमेंटला लागतो ते सांगणारा भाग) मॅचिंग उजवीकडून डावीकडे करा. "डिव पी" असा सिलेक्टर असेल तर आधी बघायचं हा एलिमेंट पी आहे का, असेल तरच वर चढत डिव शोधायचा. बहुतेक नियम पहिल्याच तपासणीत बाद होतात, तो वेळ वाचतो. स्पेसिफिसिटी (दोन नियम भिडले तर कोण जिंकणार ते) शंभर-दहा-एक अशी बेरीज करून काढू नका, नाहीतर अकरा क्लास मिळून एका आयडीला हरवतील. आयडी, क्लास, टॅग असे तीन वेगळे आकडे ठेवा आणि क्रमाने तुलना करा. मग इनहेरिटन्स: रंग आणि फॉन्ट साइझ पालकाकडून येतात, मार्जिन-पॅडिंग (डब्याबाहेरची आणि आतली मोकळी जागा) येत नाहीत. फॉन्ट साइझ सगळ्यात आधी काढा कारण बाकीची ईएममधली (फॉन्ट साइझच्या पटीतली) मापं त्यावरच ठरतात. आणि हो, ब्राउझरची स्वतःची एक स्टाइलशीट लागते, हेड लपलेला असतो, बॉडीला 8 पिक्सेल मार्जिन असतं, हे सगळं तिथूनच येतं.

आता खरं काम, लेआउट. कामातले जास्त दिवस इथेच जाणार हे धरून चाला.

डॉम आणि बॉक्सचं (पडद्यावर मांडायच्या डब्यांचं) झाड एकच नाही. डिस्प्ले नन असेल तर बॉक्सच नाही, आणि एका डिवमध्ये नुसता मजकूर आणि शेजारी पी असा मामला असेल तर त्या मजकुरासाठी एक निनावी ब्लॉक (एकाखाली एक बसणारा) बॉक्स आपल्याला बनवावा लागतो, म्हणजे ब्लॉकच्या पोटात एकतर सगळे ब्लॉक किंवा सगळं इनलाइन (ओळीत शेजारी शेजारी बसणारं), मिसळ नाही. हा नियम पाळलात तर पुढचा कोड निम्मा होतो.

साध्या ब्लॉकची रुंदी वरून खाली ठरते आणि उंची खालून वर. खिडकी 800 पिक्सेल, बॉडीचं मार्जिन दोन्हीकडे 8, उरले 784. आत डिव, पॅडिंग 20, म्हणजे पीला मिळाले 744. उंची मात्र मुलांची मांडणी झाल्याशिवाय कळत नाही, म्हणून पालकाची उंची ऑटो (दिलेली नाही, आपोआप ठरणारी) असताना मुलाने टक्क्यात उंची मागितली तर ती ऑटोच धरायची. रुंदी दिलेली आहे आणि डावं-उजवं मार्जिन दोन्ही ऑटो आहे, तर उरलेली जागा अर्धी-अर्धी वाटायची, बॉक्स मधोमध येतो. मार्जिन कोलॅप्सही (लागून असलेली मार्जिन एकत्र मिसळणं) आहेच: दोन पी एकाखाली एक, दोघांचं मार्जिन 16, तर मधलं अंतर 16 च, 32 नाही. शेजाऱ्यांचं कोलॅप्स लगेच करा, पालक आणि पहिल्या मुलाचं नंतर, ते किचकट आहे.

इनलाइनमध्ये शब्द मोजायचा, ओळीत मावला तर ठेवायचा, नाही तर नवी ओळ. लाइन हाइट 24 असेल, फॉन्टचा असेंट (बेसलाइन म्हणजे अक्षरं टेकतात त्या रेषेच्या वरची उंची) 15 आणि डिसेंट (खालची) 5, तर उरलेले 4 वर 2 खाली 2 असे वाटायचे आणि सगळे शब्द बेसलाइनवर बसवायचे. पण शब्दाची रुंदी एकेका कॅरेक्टरची रुंदी मिळवून काढू नका. इंग्रजीत एकवेळ खपून जाईल, देवनागरीत लगेच उघडे पडाल: "कि" मेमरीत आधी क मग वेलांटी असा असतो, दिसताना वेलांटी आधी, आणि "क्ष" तीन कोडपॉइंट (युनिकोडमधले क्रमांक) असून सहसा एकच ग्लिफ (काढायची आकृती). हे शेपिंग, म्हणजे अक्षरांतून ग्लिफ निवडून मांडणं, हार्फबझ या लायब्ररीला करू द्या, ग्लिफ रंगवायला फ्रीटाइप ही लायब्ररी आहे. शून्यापासून म्हणजे फॉन्ट शेपिंगपण शून्यापासून असा हट्ट मी तरी धरणार नाही.

पेंटिंग त्यामानाने सोपं. लेआउटच्या झाडावरून थेट पिक्सेल न भरता आधी डिस्प्ले लिस्ट बनवा: हा चौकोन या रंगाचा, हा मजकूर इथे. आधी बॅकग्राउंड, मग बॉर्डर, मग मुलं. झेड इंडेक्स (कोण कोणाच्या वर ते सांगणारं) नंतर. आउटपुटला सुरुवातीला खिडकीसुद्धा नको, पीपीएम इमेज फाईल लिहा, वर छोटासा हेडर आणि खाली आरजीबी बाइट्स, बस्स. पुढे क्लिक ओळखायचं झालं की हीच लिस्ट शेवटून पुढे तपासायची, कारण जो शेवटी रंगला तो सगळ्यात वर.

टेस्टिंग नुसतं डोळ्याने नको. बॉक्सचं झाड मजकूर म्हणून छापायची सोय पहिल्याच दिवशी करा आणि तेच पान फायरफॉक्सच्या डेव्हटूल्समध्ये उघडून आकडे जुळवा. वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्समध्ये (ब्राउझरांसाठीचा सामायिक टेस्ट संच) रेफटेस्ट असतात, दोन वेगळ्या तऱ्हेने लिहिलेली पानं सारखीच दिसली पाहिजेत एवढीच अट, त्यातल्या सीएसएस 2 च्या सोप्या निवडून घ्या. अडलात तर लेडीबर्ड या शून्यापासून लिहिलेल्या मुक्त ब्राउझरचा कोड बघा, तिथे बऱ्याच ठिकाणी स्टँडर्डमधल्या पायऱ्या कमेंट म्हणून लिहून त्याखाली कोड आहे, वाचायला सोपं जातं.

यानंतर काय घ्यायचं तर मी फ्लोटच्या (बॉक्स एका कडेला सरकवून मजकूर शेजारून जाऊ देणं) आधी फ्लेक्सबॉक्स (डब्यातली मुलं ओळीत किंवा रांगेत मांडणं) घेईन. फ्लेक्सचा कारभार बराचसा आपल्या डब्यातच चालतो, फ्लोट मात्र शेजारच्या ब्लॉकमधल्या ओळींची लांबी बदलतो आणि आपला साधा वरून-खाली चालणारा लेआउट तिथे मोडतो. टेबल त्याहून मागे. जावास्क्रिप्टला तर पान एकदा स्थिर दिसेपर्यंत हातच लावू नका.