बोवीत घर घेताय? शेजाऱ्यांशी ओळख करून घेताना

वॉशिंग्टनच्या पूर्वेला, मेरिलँडमधल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीतल्या बोवी गावात घर बघणाऱ्या मराठी मंडळींना माझं पहिलं सांगणं: ‘एरिया कसा आहे हो?’ असं दबक्या आवाजात विचारणं आधी सोडा. इथे बहुसंख्य ब्लॅक कुटुंबं आहेत. त्यांत वकील, डॉक्टर, मोठे सरकारी अधिकारी आहेत आणि बरेच जण आपल्याहून सुस्थितीत आहेत.

गावाचा इतिहास वाचून घ्या. बोवीतल्या बेलएअर वसाहतीची घरं लेविट या बांधकाम कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला विकायला काढली, पण ब्लॅक गिऱ्हाइकाला ती घर देत नसे. १९६३ मध्ये त्याविरुद्ध निदर्शनं झाली. वंशावरून घर नाकारायला देशभर बंदी घालणारा कायदा आला तो १९६८ मध्ये. शेजारच्या आजींना हे सगळं आठवत असतं.

म्हणून ‘तुम्हाला तर कुठेही घर घेता आलं असतं, मग इथेच का?’ असं विचारू नका. शाळेत, चर्चमध्ये, पोहण्याच्या तलावावर मुलांना आपल्यातलीच माणसं दिसावीत, म्हणून कितीतरी जण मुद्दाम इथे येतात. सगळेच नाही, कुणाला फक्त मोठं अंगण हवं असतं. एकाचं उत्तर दुसऱ्याला लावू नका.

वडीलधाऱ्यांना थेट नावाने हाक मारू नका. मिस किंवा मिस्टर लावा. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत गोऱ्यांनी या वडीलधाऱ्यांच्या आईवडिलांना हा मान पिढ्यान्‌पिढ्या दिला नव्हता.

शेजारणीच्या नंबरप्लेटला गुलाबी-हिरवी चौकट दिसली तर आवर्जून विचारा. बहुधा ती अल्फा कप्पा अल्फाची खूण असते. १९०८ मध्ये हॉवर्ड विद्यापीठात सुरू झालेली ही ब्लॅक विद्यार्थिनींची संघटना. कमला हॅरिस तिथल्याच. कॉलेज संपलं तरी सदस्यत्व संपत नाही. पन्नाशी-साठीतल्या बायका शिष्यवृत्त्यांसाठी पैसे उभे करतात, मतदार नोंदणीला उभ्या राहतात. आमच्या शेजारणीला मी विचारलं, तेव्हा त्या फाटकाशी तासभर बोलत उभ्या होत्या.

पैसा आला म्हणजे वर्णाचा प्रश्न मिटला, असं धरून चालू नका. घराची किंमत ठरवायला माणूस येणार म्हटलं की इथली काही कुटुंबं भिंतीवरचे घरच्यांचे फोटो उतरवून ठेवतात, किंमत कमी लागू नये म्हणून. असं काही कुणी सांगत असेल, तर ‘आमच्या बाबतीतही होतं हो’ म्हणून मध्येच सुरू होऊ नका. त्यांचं पूर्ण ऐकून घ्या, मग तुमचं सांगा.