डोंगरजमीन आणि जंगल राखणाऱ्या छोट्या संस्थांनी या चुका टाळाव्यात

डोंगरावरची जमीन विकत घेऊन, दान म्हणून स्वीकारून किंवा दीर्घ मुदतीच्या कराराने ताब्यात घेऊन तिच्यावरचे जंगल राखणाऱ्या छोट्या संस्थांचे काम सहसा पहिल्या वर्षी अडत नाही. पहिल्या वर्षी देणगीदार उत्साहात असतात, स्वयंसेवक भरपूर येतात आणि खरेदीखतावर सह्या झाल्याचा आनंद ताजा असतो. अडचणी येतात त्या तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून, जेव्हा लावलेली रोपे वाळलेली दिसतात, शेजारी हद्दीवरून वाद घालू लागतो, वणवा लागतो आणि राखणदाराचा पगार कोठून द्यायचा हा प्रश्न प्रत्येक बैठकीत निघतो. या बहुतेक अडचणींचे मूळ जमीन मिळवण्याच्या घाईत असते, आणि म्हणूनच त्यांतील बऱ्याच अडचणी आधीच ओळखून टाळता येतात.

हद्द आणि हक्क न पाहता जमीन घेणे

कागदावरची हद्द आणि डोंगरावरची हद्द एकच असेल असे गृहीत धरणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. उतारावर मोजणी अवघड असते, जुन्या खुणा दरड कोसळून किंवा ओढ्याने पात्र बदलल्याने नाहीशा होतात आणि कड्याच्या वरची चिंचोळी पट्टी नेमकी कोणाची हे वर्षानुवर्षे कोणी विचारलेले नसते. खरेदीपूर्वी लगतच्या जमीनधारकांना बरोबर घेऊन संपूर्ण हद्द पायी फिरावी, खुणा पक्क्या कराव्यात आणि त्यांची नोंद उपग्रह-स्थाननिश्चितीच्या साधनाने करून ठेवावी. जमिनीतून जाणारी वहिवाट, झऱ्याच्या पाण्यावरचा दुसऱ्याचा हक्क, सरपण आणि गवत नेण्याची जुनी प्रथा यांचीही त्याच वेळी चौकशी करावी. अनेक देशांत जमिनीखालच्या खनिजांचा हक्क जमिनीच्या मालकीपासून वेगळा असतो. तो तपासला नाही, तर राखलेल्या जंगलाखाली उद्या खाणकाम सुरू होण्याची शक्यता उरते.

ताबा मिळाला त्या वेळी जमीन कशी होती याची नोंद नसणे ही याच चुकीची दुसरी बाजू. ठरावीक ठिकाणी खांब रोवून, दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच दिशेने छायाचित्र घ्यावे. या साध्या कामाने पुढे वादही मिटतात आणि जंगल खरोखर वाढते आहे की नाही हेही कळते.

खरेदीचा निधी उभारणे आणि राखणीचा विसरणे

जमीन घेण्यासाठी देणगी मिळवणे तुलनेने सोपे असते, कारण देणाऱ्याला काय घेतले जाणार हे दिसते. राखणीसाठी, म्हणजे पगार, कुंपणाची दुरुस्ती, जाळरेषा (आग पुढे पसरू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा), विमा आणि वकिलाचा खर्च यांसाठी, कोणी सहज पैसे देत नाही. म्हणून जमिनीचा प्रस्ताव समोर येताच पुढील दहा वर्षांच्या कामांची यादी खर्चासह लिहावी आणि त्या खर्चाचा ठरावीक भाग खरेदीच्या आवाहनातच मागून वेगळ्या खात्यात ठेवावा. तो निधी उभा राहत नसेल, तर जमीन कितीही सुंदर असली तरी ती न घेण्याचे धैर्य संस्थेने दाखवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. राखण नसलेली दहा ठिकाणे नावावर असण्यापेक्षा नीट राखलेले एक ठिकाण डोंगराच्या अधिक उपयोगाचे असते.

मोकळी जागा दिसली की झाडे लावणे

याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण या चुकीत सद्‌हेतू सर्वाधिक असतो आणि नुकसानही सर्वाधिक होते. डोंगरावरचा प्रत्येक मोकळा उतार हा तुटलेल्या जंगलाचा अवशेष नसतो. निलगिरी पर्वतावरील गवताळ माळ आणि त्यांच्या घळींतली शोला नावाची ठेंगणी, सदाहरित जंगले ही मिळून एक जुनी रचना आहे. त्या गवताला पडीक समजून तेथे एकोणिसाव्या शतकापासून ऑस्ट्रेलियातील वॅटल आणि निलगिरी ही झाडे लावली गेली, आणि आज वॅटल आपणहून पसरून उरलेले गवत गिळत असल्याने तेच काढण्यासाठी कष्ट घ्यावे लागत आहेत. इक्वाडोरमध्ये अँडीज पर्वताच्या पारामो नावाच्या उंच गवताळ पट्ट्यात पाइनची लागवड झाली, तेव्हा तेथील माती कोरडी पडू लागली आणि ओढ्यांना मिळणारे पाणी घटले. जे पाणी वाचवण्यासाठी झाडे लावावीत असे वाटते, तेच पाणी चुकीच्या जागी लावलेली झाडे कमी करू शकतात.

म्हणून खड्डा खणण्यापूर्वी तेथे पूर्वी काय होते हे शोधावे. स्कॉटलंडच्या दक्षिणेकडील कॅरिफ्रन दरीत बॉर्डर्स फॉरेस्ट ट्रस्ट या छोट्या संस्थेने २००० साली सुमारे ६५० हेक्टर उजाड डोंगरजमीन घेतली, तेव्हा जवळच्या दलदलीतील पीट मातीच्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींपासून बनलेल्या मातीच्या) थरांत साठलेल्या हजारो वर्षांपूर्वीच्या परागकणांवरून तेथे कोणती झाडे होती हे पाहिले गेले आणि त्याच आधारावर लावण्याच्या जातींची निवड झाली. प्रत्येक संस्थेला परागकणांचा अभ्यास परवडणार नाही. पण जुने नकाशे, जवळपासचे शिल्लक जंगल आणि परिसरातील वृद्धांच्या आठवणी यांवरूनही पुष्कळ कळते.

जेथे पूर्वी खरोखर जंगल होते, तेथेही लागवड हा पहिला उपाय नव्हे. गवतात वाकून पाहिल्यास तोडलेल्या झाडांच्या खुंटांना फुटलेले धुमारे आणि बियांपासून उगवलेली रोपे अनेकदा सापडतात. ती पुरेशी असतील, तर भोवतालचे गवत दाबणे, आग रोखणे आणि गुरांपासून संरक्षण देणे एवढ्यानेही जंगल परत येऊ शकते, आणि त्याची मुळे त्या मातीला आधीच सरावलेली असतात.

लावलेली रोपे मरत असतील, तर पुन्हा तितकीच रोपे आणून तेच खड्डे भरू नयेत. आधी मेलेली रोपे उपटून पाहावीत. मुळे पिशवीच्या आकारात गुंडाळलेली राहिली असतील, तर दोष रोपवाटिकेत जास्त काळ ठेवण्याचा आहे. मुळे चांगली, पण शेंडा खुडलेला असेल, तर हरणे, ससे किंवा शेळ्या येत आहेत. रोप उंच गवतात पिवळे पडून लोळले असेल, तर गवत ओलावा आणि प्रकाश दोन्ही घेत आहे. खोलगट जागेतीलच रोपे काळवंडली असतील, तर रात्री थंड हवा तेथे साचून दव गोठते आहे. मुळे काळी आणि कुजकी निघाली, तर मात्र सावध व्हावे: फायटॉफ्थोरा हा मूळकुजीचा रोग घडवणारा सूक्ष्मजीव रोपवाटिकेतील मातीतून प्रवास करतो, आणि कॅलिफोर्नियात पुनरुज्जीवनासाठी आणलेल्या रोपांबरोबरच तो नैसर्गिक क्षेत्रात पोहोचल्याचे आढळले आहे. अशी रोपे आणि त्यांची माती डोंगरावर टाकून देऊ नये.

चराई एका दिवसात बंद करणे

उत्तराखंडातील व्हॅली ऑफ फ्लॉवर्स १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि तेथील चराई थांबली. त्यानंतर पॉलिगोनम ही उंच, दाट वाढणारी वनस्पती फुलांच्या पट्ट्यांत पसरू लागली आणि ती उपटण्याच्या मोहिमा घ्याव्या लागल्या. चराई बंद करण्याचा निर्णय चूक होता की बरोबर, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत; परंतु जनावरे अचानक हटवली की गवताचे संतुलन बदलते, एवढे त्यातून निश्चित शिकता येते. कोस्टा रिकामधील गुआनाकास्ते येथे कोरडे जंगल परत आणताना आफ्रिकेतून आलेले, आगीला इंधन पुरवणारे जारागुआ गवत कमी राखण्यासाठी सुरुवातीची काही वर्षे मुद्दाम गुरे चरू दिली गेली. गुराख्याला बाहेर काढणारे कुंपण घातल्यास राखणीची सर्वांत चांगली नजरही बाहेर जाते, हे संस्थांनी विसरू नये. कोणत्या भागात, कोणत्या महिन्यांत आणि किती जनावरे, हे त्याच्याशी बसून लेखी ठरवणे अधिक टिकाऊ असते.

वणव्याची तयारी वणवा लागल्यावर करणे

उतारावर आग वर चढताना ज्वाळा पुढील गवताला आधीच तापवतात. उताराचा कोन दर १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारणपणे दुप्पट होतो, असा अग्निशमनातील ढोबळ हिशेब आहे. त्यामुळे आगीच्या वरच्या बाजूला स्वयंसेवक उभे करणे जिवावर बेतू शकते. जाळरेषा गवत पूर्ण वाळण्यापूर्वी काढावी, ती शक्यतो सोंडेच्या माथ्यावरून न्यावी आणि सुटकेची वाट प्रत्येकाला आधी चालून दाखवावी. अप्रशिक्षित माणसाला आग विझवायला पाठवू नये. त्याने पाहावे, कळवावे आणि दूर राहावे.

पाणी जिरवण्यासाठी चर खणण्यातही पूर्वविचाराची अशीच उणीव दिसते. तीव्र उतारावर किंवा सैल मातीत समतल चर खणल्यास जिरलेले पाणी माती जड करून दरडीला निमंत्रण देऊ शकते, आणि पातळी जराशी चुकली तरी सगळे पाणी एका टोकाला जमून तेथून घळ पडते. झऱ्याला पाणी पुरवणारे क्षेत्र नेहमी त्याच्या थेट वर नसते. खडकांचे थर ज्या दिशेने कललेले असतात, त्यावर ते ठरते. खणण्यापूर्वी भूगर्भाचा जाणकार एकदा तरी डोंगरावर न्यावा.

सगळे एका माणसाच्या डोक्यात असणे

छोट्या संस्थेत बहुधा एकच व्यक्ती सर्व वाटा, सर्व शेजारी आणि सर्व कागद ओळखते. तिच्या आजारपणात काम थांबते आणि तिच्यानंतर जमिनीचे काय, याचे उत्तर कोणाकडेच नसते. जमीन कधीही व्यक्तीच्या नावावर ठेवू नये, मूळ कागद दोन ठिकाणी असावेत आणि दर महिन्याची फेरी वेगवेगळ्या सभासदांनी करून एकाच वहीत नोंदवावी. संस्थेच्या घटनेत, संस्था बंद पडल्यास ही जमीन समान उद्दिष्टाच्या कोणत्या संस्थेकडे जाईल हे नाव घेऊन लिहिलेले असावे, आणि त्या संस्थेची लेखी संमती खरेदीखताच्या फाईलमध्येच लावलेली असावी.