डोळ्याच्या पृष्ठभागावरील जखमेत औषध अधिक वेळ कसे टिकवावे

डोळ्यात रसायन गेले असेल तर औषधाचा विचार नंतरचा; आधी वाहत्या स्वच्छ पाण्याने डोळा किमान १५ ते ३० मिनिटे धुवावा आणि तातडीने रुग्णालय गाठावे. कॉर्नियावरील, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावरील, ओरखडा किंवा जखम असेल तर कोणते औषध द्यायचे ते डॉक्टर ठरवतात, मात्र ते जखमेवर किती वेळ राहील हे बरेचसे थेंब घालणाऱ्या हातावर अवलंबून असते.

पापण्यांआड जेमतेम ३० मायक्रोलिटर द्रव मावतो आणि बाटलीतला एकच थेंब बहुधा तेवढा किंवा त्याहून मोठा असतो, त्यामुळे लागोपाठ घातलेला दुसरा थेंब पहिल्याला धुऊन नेतो. उरलेले औषधही पापण्यांच्या उघडझापीने आणि अश्रूंबरोबर काही मिनिटांतच नाकात उतरते. म्हणून हात धुऊन, खालची पापणी अलगद ओढून एकच थेंब सोडावा, बाटलीचे टोक कुठेही टेकू देऊ नये, डोळा हलकेच मिटावा आणि नाकालगतच्या कोपऱ्यावर दोन-तीन मिनिटे बोट दाबून धरावे. हा दाब नाकाच्या हाडावर असावा, बुबुळावर मुळीच नको. आरपार जखमेची शंका असल्यास डोळ्याजवळ हातही लावू नये.

दोन औषधांत निदान पाच मिनिटे अंतर ठेवावे आणि पातळ थेंब आधी, मग जेल, शेवटी मलम असा क्रम पाळावा. मलम सर्वांत जास्त टिकते, पण त्याने दृष्टी धूसर होते. म्हणून ते झोपताना घालणे सोयीचे.

डॉक्टरांनी बँडेज कॉन्टॅक्ट लेन्स बसवली असेल तर ती पापणीच्या घर्षणापासून जखमेला जपते. ती स्वतः काढू नये, तिच्यावर मलम लावू नये आणि थेंब परिरक्षकविरहित (प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले) आहेत ना, हे विचारून घ्यावे, कारण बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षक मऊ लेन्समध्ये साचते.

अश्रुनलिकेच्या तोंडाशी बसवायची, सुमारे ३० दिवस डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड सोडणारी गुटीही आता मिळते. अमेरिकेत २०१८ साली तिला डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसाठी मान्यता मिळाली. परंतु स्टिरॉइडमुळे बुरशीचा किंवा नागिणीचा संसर्ग बळावू शकतो आणि थेंब थांबवण्याइतके गुटी काढणे सोपे नसते, त्यामुळे संसर्गाची शंका असताना अशा दीर्घकाळ चालणाऱ्या औषधाचा आग्रह धरू नये.

बधिर करणारे थेंब घरी वापरू नयेत. त्यांनी जखम भरणे लांबते. वेदना वाढली, प्रकाश सहन होईना, नजर मंदावली किंवा बुबुळावर पांढरा डाग दिसला, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.