एमएस असताना तोल आणि डोकं एकत्र कसं ट्रेन करायचं

एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मणक्यातल्या नसांचा आजार. तो असलेल्या माणसाला चालता चालता काही विचारलं की तो बऱ्याचदा आधी थांबतो, मग उत्तर देतो. नाटक नसतं ते. नसांवरचं मायलिनचं आवरण खराब झालं की सिग्नल हळू जातात, आणि आपण न बघता टाकतो ती पावलं त्याला लक्ष देऊन टाकावी लागतात, मग बोलायला लक्ष उरणार कुठून! म्हणून नुसते मोबाईलवरचे ब्रेन गेम मला तरी अपुरे वाटतात, तोल आणि डोकं दोन्ही जोडायला हवं, पण हळूहळू.

सुरू करायच्या आधी फिजिओकडून तोल तपासून घ्या. जागा म्हणाल तर किचनचा ओटा बेस्ट. समोर धरायला ओटा, मागे भिंतीला टेकवलेली जड खुर्ची (प्लास्टिकची नको, सरकते), पायपुसणं उचलून ठेवा आणि घरातलं कोणीतरी हाताच्या अंतरावर उभं पाहिजे.

१. आधी फक्त तोल. पाय जुळवून उभं राहा. ३० सेकंद आरामात जमलं की एक पाय अर्धा पुढे, मग पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या अंगठ्याला लावून. डोळे मिटून वगैरे फिजिओ म्हणाले तरच.

२. मग फक्त डोकं, तेही बसून. १०० मधून ७ वजा करत जा, जड गेलं तर ३. नाहीतर 'क' वरून भाज्या.

३. आता दोन्ही, पण उभं राहायची पद्धत एक पायरी सोपी घ्या. म्हणजे एक पाय पुढे ठेवून जमत असेल तर इथे पाय जुळवूनच. आणि वजाबाकीचा कंटाळा आला की भेंड्या खेळा, घरच्यांनाही मजा येते.

इथे नीट बघा काय बिघडतं ते. उत्तर अडकलं पण माणूस स्थिर आहे, तर चालेल, शरीराने तोल आधी सांभाळला. उलट उत्तरं फटाफट येतायत आणि हात सारखा ओट्याकडे जातोय, तर लगेच प्रश्न सोपे करा. हे जमलं की ओट्याला धरून चालत तेच.

वेळ सकाळची, फॅन लावून. गरम पाण्याच्या आंघोळीनंतर लगेच नको, अंग तापलं की लक्षणं तात्पुरती वाढतात, डोळ्यांपुढे धूसर होतं, गार झाल्यावर उतरतात. पण ताप वगैरे नसताना नवीन त्रास २४ तासांपेक्षा जास्त टिकला तर व्यायाम बंद करा आणि न्यूरोलॉजिस्टला फोन लावा.