चिनी वाचकांसाठी संकेतस्थळ काढताना परवान्याच्या या चुका टाळा

पुण्याचा किंवा कोल्हापूरचा एखादा निर्यातदार चिनी ग्राहकांसाठी स्वतंत्र संकेतस्थळ काढायचे ठरवतो, तेव्हा भाषांतर, छायाचित्रे आणि मांडणी यांवर बराच पैसा खर्च होतो आणि परवान्याचा विषय अगदी शेवटी निघतो. हा क्रम उलटा असायला हवा. चीनमधील संकेतस्थळांचे नियम वरवर तांत्रिक दिसत असले, तरी त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: या मजकुराची जबाबदारी चीनच्या भूमीवर कोण घेणार? या प्रश्नाचे उत्तर आधी ठरवले नाही, तर पुढचा प्रत्येक अर्ज कुठे ना कुठे अडतो.

सर्वांत जास्त घोटाळा नोंदणी आणि परवाना या दोन शब्दांत होतो. सप्टेंबर २००० मध्ये चीनच्या राज्य परिषदेने २९२ क्रमांकाच्या आदेशाने इंटरनेटवरील माहितीसेवांचे नियम लागू केले आणि अशा सेवांचे दोन वर्ग पाडले. वापरकर्त्याकडून मोबदला घेऊन माहिती पुरवणारी सेवा व्यावसायिक ठरते व तिला परवाना लागतो. बाकीच्या सेवांना नोंदणी पुरते, आणि तिलाच चिनी भाषेत बेइआन म्हणतात. आपल्याकडे या दोन्हींना सरसकट ‘आयसीपी (इंटरनेटवर मजकूर पुरवणाऱ्याचे) लायसन्स’ म्हटले जाते आणि त्यामुळे दोन्ही बाजूंनी नुकसान होते. केवळ स्वतःच्या मालाची माहिती देणारी कंपनी न लागणाऱ्या परवान्यासाठी दलालाला पैसे मोजते, तर इतर विक्रेत्यांचा माल विकणारा बाजार उभारणारी कंपनी साध्या नोंदणीवर निर्धास्त राहते. परवान्याविना व्यावसायिक सेवा चालवल्यास बेकायदा कमाई जप्त होऊन तिच्या ३ ते ५ पट दंड होतो. कमाई ५० हजार युआनपेक्षा कमी असली किंवा मुळीच नसली, तरी दंडाची रक्कम १ लाख ते १० लाख युआन असते. नोंदणीसाठी सरकार काहीही शुल्क घेत नाही, हे दलालाचे अंदाजपत्रक वाचताना लक्षात ठेवावे. त्यात दिसणारी रक्कम त्याच्या कामाची असते.

दुसरी चूक अधिक घातक आहे. नोंदणी चीनमध्ये नोंदलेल्या संस्थेच्या नावावर होते, आणि भारतातील कंपनीचे प्रमाणपत्र तिथे चालत नाही. हाँगकाँगमध्ये काढलेली कंपनीही मुख्य भूमीवर नोंदलेली नसल्यामुळे पुरेशी ठरत नाही. अशा वेळी कोणी तरी ‘आमच्या कंपनीच्या नावावर नोंदणीचा क्रमांक घेऊन देतो’ असे सांगतो आणि घाईतला उद्योजक हो म्हणतो. या व्यवहाराचा अर्थ नीट समजून घ्यावा. ज्याच्या नावावर क्रमांक आहे, तोच सरकारच्या दृष्टीने संकेतस्थळाचा चालक असतो. त्याने नोंदणी रद्द केली, त्याची कंपनी बंद पडली किंवा त्याच्याशी वाद झाला, तर तक्रार करायला तुमच्याकडे कागद नसतो, कारण प्रत्यक्ष चालक एक आणि नोंदलेला दुसरा, हाच मुळात नियमभंग आहे. चीनमध्ये उपकंपनी असेल, तर तिच्या नावाने अर्ज करावा. नसेल, तर काही काळ नोंदणीशिवाय, मुख्य भूमीबाहेरच्या सर्व्हरवरून संकेतस्थळ चालवणे हे उसन्या क्रमांकापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाहेरच्या सर्व्हरबद्दलही एक गैरसमज आहे. हाँगकाँग किंवा सिंगापूर येथील सर्व्हरला नोंदणी लागत नाही, हे खरे आहे. परंतु वेग वाढवण्यासाठी मुख्य भूमीवरच्या वितरण-जाळ्याची, म्हणजे सीडीएनची, केंद्रे जोडली की मूळ सर्व्हर कुठेही असला, तरी त्या डोमेनला नोंदणी लागते. शिवाय बाहेर राहिल्याने कायद्यातून पूर्ण सुटका होत नाही. १ नोव्हेंबर २०२१ पासून लागू झालेला वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा चीनमधील व्यक्तींना वस्तू किंवा सेवा पुरवण्यासाठी त्यांची माहिती हाताळणाऱ्या परदेशी संस्थांनाही लागू होतो आणि त्याच्या ५३व्या कलमानुसार त्यांनी चीनमध्ये प्रतिनिधी नेमावा लागतो. नाव आणि दूरध्वनी क्रमांक विचारणारा साधा चौकशी-अर्ज ठेवण्यापूर्वी हे कलम वाचून घ्यावे.

आता डोमेनविषयी. भारतीय कंपन्यांचे अर्ज इथे हमखास अडकतात, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. १ जानेवारी २०१८ पासूनचा नियम असा आहे, की संकेतस्थळासाठी वापरलेले डोमेन चालक संस्थेच्या, तिच्या भागधारकाच्या, प्रमुखाच्या किंवा वरिष्ठ व्यवस्थापकाच्या नावावर असावे, आणि ते उद्योग व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने मान्य केलेल्या निबंधकाकडे, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे, व मान्य प्रत्ययाखाली असावे. डॉट कॉम आणि डॉट सीएन मान्य आहेत, पण डॉट इन चालत नाही. आपल्या कंपनीचे डॉट कॉम बहुधा भारतातील किंवा अमेरिकेतील निबंधकाकडे, आणि कित्येकदा संकेतस्थळ करून देणाऱ्या माणसाच्या वैयक्तिक नावावर असते. ते चीनमधील निबंधकाकडे हलवून, ओळख पडताळून मग अर्ज करायचा, तर वेळ जातो. जगभरच्या व्यवसायाचे मुख्य डोमेन यासाठी हलवू नये. चिनी उपकंपनीच्या नावावर वेगळे डॉट सीएन किंवा डॉट कॉम घ्यावे, म्हणजे चीनमध्ये काही अडचण आली, तरी बाकीचा कारभार अडत नाही.

अर्ज थेट मंत्रालयाकडे जात नाही. तो क्लाउड सेवा देणाऱ्या चिनी कंपनीमार्फत प्रांताच्या दूरसंचार प्रशासनाकडे जातो आणि तिथल्या तपासणीसाठी २० कामकाजाच्या दिवसांपर्यंतची मुदत असते. या टप्प्यावर अर्ज फेटाळला जाण्याची कारणे बहुधा साधी असतात: तपासणी चालू असताना संकेतस्थळ उघडे ठेवलेले असते, संकेतस्थळाचे नाव आणि मजकूर जुळत नाही, किंवा जबाबदार व्यक्तीचा फोन लागत नाही. ही व्यक्ती चिनी मोबाइल क्रमांक असलेली हवी. पडताळणीचा संदेश आल्यापासून २४ तासांत मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तो सांकेतिक क्रमांक भरावा लागतो. त्यामुळे महिन्यातून एकदा शांघायला जाणाऱ्या विक्री अधिकाऱ्याचे नाव देणे म्हणजे अर्ज बुडवणे होय. नोंदणीचा क्रमांक मिळाल्यावर तो मुखपृष्ठाच्या तळाशी मंत्रालयाच्या शोधपानाच्या दुव्यासह लावावा. तो न लावल्यास ५ हजार ते ५० हजार युआन दंडाची तरतूद आहे. संकेतस्थळ सुरू झाल्यापासून ३० दिवसांत स्थानिक सार्वजनिक सुरक्षा विभागाकडे वेगळी नोंद करायची असते. पहिला क्रमांक मिळाल्याच्या आनंदात ही दुसरी नोंद सर्रास राहून जाते.

नोंदणी मिळाली म्हणजे कोणताही मजकूर चालेल, असे नाही. वार्ता, प्रकाशन, दृक्श्राव्य, औषध अशा क्षेत्रांना स्वतंत्र मान्यता लागते. २०१६ पासून लागू असलेल्या ऑनलाइन प्रकाशनाच्या नियमांनुसार परदेशी भांडवलाच्या कंपन्यांना हा व्यवसाय करता येत नाही, आणि २०१७ च्या नियमांनी वार्तासेवेचे दारही त्यांना बंद केले आहे. एप्रिल २०२४ मध्ये बीजिंग, शांघाय, हाइनान आणि शेन्झेन येथील ठरावीक क्षेत्रांत काही दूरसंचार सेवांवरील परदेशी भांडवलाची मर्यादा प्रायोगिक तत्त्वावर उठवण्यात आली. या बातमीवरून ‘आता सगळे खुले झाले’ असा निष्कर्ष काढणारे सल्लागार भेटतात, पण वार्ता आणि प्रकाशन त्या सवलतीतून स्पष्टपणे वगळलेले आहेत. म्हणून ‘उद्योगवार्ता’ असा विभाग काढून राजकीय व आर्थिक घडामोडी छापण्याचा मोह टाळावा. स्वतःच्या कंपनीच्या घडामोडी तेवढ्या द्याव्यात.

भारतीयांनी नकाशाबाबत विशेष जपावे. चीनमध्ये १ जानेवारी २०१६ पासूनच्या नियमांप्रमाणे तिथे मान्य असलेल्या सीमाच दाखवाव्या लागतात, तर भारतात १९६१ च्या कायद्यानुसार भारतीय सर्वेक्षण विभागाशी न जुळणारा देशाचा नकाशा प्रसिद्ध करणे हा सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. अरुणाचल आणि अक्साई चीन दोन्ही कायद्यांना मान्य होतील असे काढता येत नाहीत. तेव्हा कारखान्याचा पत्ता शब्दांत द्यावा आणि देशाचा नकाशा कुठेही घालू नये. तैवान, हाँगकाँग, मकाव यांची नावे ‘देश निवडा’ या यादीत असतील, तर तेही तपासावे. जानेवारी २०१८ मध्ये मॅरियट या हॉटेल कंपनीच्या एका प्रश्नावलीत तिबेटसह ही नावे देश म्हणून आली आणि तिचे चिनी संकेतस्थळ आठवडाभर बंद ठेवावे लागले. त्याच वर्षी चीनच्या नागरी विमान वाहतूक प्रशासनाने परदेशी विमान कंपन्यांना पत्रे पाठवली आणि एअर इंडियाने आपल्या संकेतस्थळावर तैवानऐवजी ‘चायनीज तैपेई’ असे लिहिले.

संकेतस्थळ अचानक उघडेनासे झाले, तर लगेच सरकारी बंदीची शंका घेऊ नये. पान उघडते पण अर्धवट राहते, तेव्हा गूगलचे फॉन्ट, नकाशे किंवा भेट देणारा माणूस आहे की यंत्र हे तपासणारी गूगलची पडताळणी-चौकट (कॅप्चा) आहे का ते पाहावे, कारण गूगलच्या बहुतेक सेवा तिथे अडवलेल्या आहेत. नोंदणी नसल्याची सूचना देणारे पान दिसत असेल, तर ते सेवा पुरवणाऱ्या कंपनीने लावलेले असते, आणि बहुतेक वेळा कारण सर्व्हर बदलण्यात सापडते. एका क्लाउड कंपनीकडून दुसरीकडे गेल्यावर क्रमांक तोच राहतो, पण नव्या कंपनीमार्फत जोडणीची नोंद पुन्हा करावी लागते. ती न करता जुना सर्व्हर सोडला, तर जुनी कंपनी आपली नोंद काढून घेते आणि क्रमांकच रद्द होऊ शकतो. म्हणून नवी नोंद मंत्रालयाच्या शोधपानावर दिसेपर्यंत जुन्या सर्व्हरचे भाडे भरत राहावे.